छत्तीस तास आणि एक फोन: मोबाइल ॲप स्पर्धेची तयारी कशी करावी

मोबाइल ॲपच्या स्पर्धेत परीक्षकांसमोर संघाच्या वाट्याला बहुतेक वेळा पाच ते दहा मिनिटे येतात, आणि तेवढ्या वेळात परीक्षक तुमचा कोड वाचत नाहीत. ते तुमचा फोन स्वतःच्या हातात घेतात आणि एखादे काम करून पाहतात. ते काम पहिल्याच प्रयत्नात पूर्ण झाले, तर पुढची चर्चा तुमच्या बाजूने सुरू होते. ते अडकले, तर मागची रचना कितीही चांगली असली तरी ती समजावून सांगायला वेळ उरत नाही. नाशिकमधील अभियांत्रिकीच्या विद्यार्थी-संघांना अशा स्पर्धांसाठी तयार करताना मला हेच पुन्हा पुन्हा दिसले आहे. म्हणून पुढे जे सांगितले आहे, त्याचा रोख एकाच गोष्टीवर आहे: एक छोटे पण खरे काम, साध्या फोनवर, नेटवर्क नसतानाही, अनोळखी माणसाच्या हातून तडीस जाणे.

स्पर्धेचा प्रकार आणि नियम

नियमपुस्तिका संघातील प्रत्येकाने स्वतः वाचावी, एकाने वाचून इतरांना सांगू नये. स्पर्धांचे प्रकार वेगवेगळे असतात आणि तयारीची दिशा त्यावरच ठरते. २०१७ पासून होणाऱ्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉन या विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेत सॉफ्टवेअर विभागाची अंतिम फेरी सलग ३६ तास चालते, संघात ६ विद्यार्थी लागतात आणि त्यांत किमान एक विद्यार्थिनी असणे बंधनकारक असते. समस्या मंत्रालये, शासकीय विभाग आणि उद्योग यांच्याकडून आलेल्या असतात. ॲपलचे स्विफ्ट स्टुडंट चॅलेंज याच्या अगदी उलट आहे: तेथे काम एकट्याने करायचे असते, ॲप तीन मिनिटांत अनुभवता आले पाहिजे, ते इंटरनेटशिवाय चालले पाहिजे, पाठवायची झिप फाइल २५ एमबीच्या आत असावी लागते आणि मजकूर इंग्रजीत द्यावा लागतो. तिसरा प्रकार काही महिने चालणाऱ्या स्पर्धांचा, ज्यांत तयार ॲपच मागितले जाते.

या तिसऱ्या प्रकारातील एक जुनी गोष्ट विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगतो. नोव्हेंबर २००७ मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी ॲप लिहिणाऱ्यांना एकूण १ कोटी डॉलरची बक्षिसे जाहीर केली, आणि एप्रिल २००८ मध्ये पहिल्या फेरीची मुदत संपली तेव्हा १,७८८ प्रवेशिका आल्या होत्या. त्या दिवशी बाजारात एकही अँड्रॉइड फोन नव्हता. पहिला फोन ऑक्टोबर २००८ मध्ये विक्रीला आला. स्पर्धकांनी सगळे काम संगणकावर फोनची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरच्या आधारे केले होते. विजेत्यांपैकी लाइफ३६० हे ॲप आजही वापरात आहे, आणि ते कोणत्या गरजेवर उभे आहे हे एका वाक्यात सांगता येते: घरातील माणसे या क्षणी कुठे आहेत, हे घरच्यांना कळावे. तुमच्या ॲपचे असे एक वाक्य स्पर्धेआधीच कागदावर उतरले पाहिजे, आणि ज्यांच्या खिशात खरा फोन आहे त्यांनी एम्युलेटरवर विसंबून राहण्याचे तर काहीच कारण नाही.

विषय माणसाकडून घ्या

विषय शोधण्यासाठी संघ साधारणपणे लॅपटॉप उघडून बसतात, आणि तेथेच पहिली चूक होते. नाशिकसारख्या ठिकाणी विषय तासाभराच्या अंतरावर असतो. पिंपळगाव बसवंत, निफाड किंवा दिंडोरीच्या बाजूला एखाद्या द्राक्ष बागायतदाराकडे जा आणि त्यांची फवारणीची वही पाहायला मागा. तीत तारीख, औषध, प्रमाण आणि कुठल्या प्लॉटवर मारले, एवढेच असते. मात्र एका शेतकऱ्याचे तीन-चार प्लॉट असतात, प्रत्येकाची गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची छाटणी) वेगळ्या तारखेला झालेली असते, आणि शेतकरी दिवस मोजतात ते छाटणीपासून. ‘आज खालच्या प्लॉटला बेचाळीस दिवस झाले’ असे ते सहज बोलून जातात. डाऊनी आणि भुरी या द्राक्षांवरील रोगांसाठी कधी काय मारायचे, हा सारा हिशोब या दिवसांवर चालतो. माल युरोपला जाणार असेल, तर औषधांचे अवशेष मर्यादेत असावे लागतात, नमुन्याची तपासणी होते आणि प्लॉटची नोंद अपेडा या शेतमाल-निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीत असते. त्यामुळे वहीतली एक नोंद चुकली तर नुकसान फार मोठे होऊ शकते.

या वहीतून एका वाक्याचे ॲप निघते: ‘या प्लॉटची काढणी कोणत्या तारखेपासून सुरक्षित आहे ते सांगा.’ पुढच्या सगळ्या सूचना मी याच उदाहरणावर सांगणार आहे. यात संगणकशास्त्राच्या दृष्टीने अवघड असे काही नाही, आणि नेमके म्हणूनच ते ३६ तासांत नीट पूर्ण होऊ शकते. तरीही शेतकऱ्याशी न बोलता कोड लिहिणारा संघ येथे हमखास चुकतो. तो शेवटच्या फवारणीची तारीख घेतो, त्यात त्या औषधाच्या लेबलवरील काढणीपूर्व प्रतीक्षेचे दिवस मिळवतो आणि उत्तर देतो. समजा १ जानेवारीला मारलेल्या औषधाची प्रतीक्षा ५० दिवसांची आहे आणि १० जानेवारीला मारलेल्या औषधाची १५ दिवसांची. शेवटच्या फवारणीवरून उत्तर २५ जानेवारी येते, पण पहिल्या औषधाचा कालावधी २० फेब्रुवारीला पूर्ण होतो. बरोबर उत्तर सर्व फवारण्यांच्या तारखांतून सर्वात पुढची तारीख हेच असते. परीक्षकांमध्ये शेतीतले एक जरी जाणकार असले, तरी ते पहिल्याच मिनिटात हे तपासतील. आणखी एक मर्यादा पाळा: औषध कोणते आणि किती मारावे हे ॲपने सांगू नये. दिवसांचा आकडा शेतकऱ्याने लेबल पाहून भरावा आणि ॲपने फक्त हिशोब करावा.

माणसाकडे जाण्याचा दुसरा लाभ असा की, लोक कोणत्या मापात विचार करतात ते कळते. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की बातमीत क्युसेकचा आकडा येतो, परंतु गोदाकाठचा जुना दुकानदार नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहतो. पाणी मूर्तीच्या गुडघ्याला लागले की कमरेला, यावर भांडी बाजार आणि सराफ बाजारातील दुकानांत माल वर उचलायचा की नाही ते ठरते. पुराची सूचना देणारे ॲप करणार असाल, तर क्युसेकचा आकडा लहान अक्षरात ठेवा आणि मारुतीच्या पातळीचे चित्र मोठे ठेवा. असा निर्णय खोलीत बसून सुचत नाही, आणि तो का घेतला हे सांगणारा संघ परीक्षकांच्या लक्षात राहतो.

सिंहस्थ जवळ आल्यामुळे नाशिकच्या स्पर्धांमध्ये कुंभमेळ्याचे विषय साहजिकच पुष्कळ येतात, आणि त्याला चांगली परंपराही आहे. २०१५ च्या कुंभमेळ्यापूर्वी, मूळचे नाशिकचे आणि एमआयटी मीडिया लॅबमध्ये संशोधन करणारे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने कुंभमेळ्याच्या अडचणींवर उपाय शोधणारे कुंभथॉन हे शिबिर भरले होते, आणि त्यातून गर्दीच्या वाटेवर पावले मोजणाऱ्या चटईसारखे प्रयोग उभे राहिले. २००३ च्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा जीव गेला होता, हे ज्यांना आठवते त्यांना अशा प्रयोगाचे मोल सांगावे लागत नाही. पण ‘संपूर्ण कुंभमेळ्याचे ॲप’ हा विषय घेऊ नका. रामकुंड या गोदावरीवरील स्नानाच्या ठिकाणी लाखो माणसे जमतात तेव्हा मोबाइलच्या मनोऱ्यांवर इतका भार येतो की इंटरनेट मिळेलच असे धरून चालता येत नाही. म्हणजे ज्या क्षणी तुमच्या ॲपची गरज सर्वाधिक असते, त्याच क्षणी सर्व्हर हाताशी नसतो. यापेक्षा हरवलेल्या वृद्ध व्यक्तीची माहिती फोनवरच साठवून ठेवणारे आणि नेटवर्क नसल्यास साध्या एसएमएसने पुढे पाठवणारे छोटे ॲप हातात घेतले, तर ते पूर्ण होईल आणि पटेलही.

साधन आणि संघ

कोटलिन, फ्लटर की रिॲक्ट नेटिव्ह, हा वाद स्पर्धेच्या आठवड्यात घालू नये. गूगलने २०१७ मध्ये कोटलिनला अँड्रॉइडसाठी अधिकृत पाठबळ दिले आणि २०१९ मध्ये तिला प्राधान्याची भाषा ठरवले, त्यामुळे केवळ अँड्रॉइडवर काम असेल तर कोटलिन हा सरळ मार्ग आहे. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर दाखवणे नियमानेच आवश्यक असेल, तर फ्लटर सोयीचे पडते. मात्र संघातील दोघांना ज्या साधनात आधीच एक पूर्ण ॲप करता आले आहे तेच निवडावे, हा निकष मला इतर सगळ्या निकषांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. नवे फ्रेमवर्क शिकण्याचा उत्साह चांगला आहे. त्यासाठी सुट्टीचे दिवस आहेत.

कामाची वाटणी करताना एका सदस्याला पडदे, दुसऱ्याला डेटा आणि हिशोब, तिसऱ्याला सर्व्हर असेल तर सर्व्हर द्या, आणि एकाला कोडपासून बऱ्याच अंशी मोकळे ठेवा. या सदस्याने दर दोन तासांनी ॲप अनोळखी माणसासारखे वापरून पाहायचे, चुकांची यादी ठेवायची आणि सादरीकरण घडवत जायचे. संघ मोठा असेल तर असे दोघे असावेत. हे काम दुय्यम समजून सर्वात नवख्या विद्यार्थ्याला देतात, ते योग्य नाही. ज्याला प्रश्न विचारायची सवय आहे त्यालाच ते द्यावे.

आधीच्या आठवड्यातील लॅपटॉपची तयारी

सभागृहातील वाय-फाय शंभर लॅपटॉपांनी वाटून घेतलेले असते, हे गृहीत धरा. अँड्रॉइड स्टुडिओ (ॲप लिहिण्याचे साधन), एसडीके (त्याला लागणारी विकास-सामग्री) आणि ग्रेडल या ॲप बांधणाऱ्या साधनाच्या लायब्ररी मिळून कित्येक जीबी डाउनलोड होतात, आणि ते स्पर्धेच्या सकाळी सुरू केले तर दुपार तेथेच संपते. म्हणून घरीच एक रिकामा प्रकल्प तयार करा, त्यात लागतील त्या सर्व लायब्ररी घाला, एकदा बिल्ड करा (कोडपासून चालणारे ॲप बनवा), मग ग्रेडलचा ऑफलाइन मोड चालू करून, वाय-फाय बंद ठेवून पुन्हा बिल्ड करा. दुसरे बिल्ड यशस्वी झाले, तरच तो लॅपटॉप तयार झाला असे समजा. नियमांनुसार आधी कोड लिहून आणण्यास मनाई असेल, तरी लायब्ररी उतरवून ठेवण्यास सहसा हरकत नसते. शंका असल्यास आयोजकांना लेखी विचारावे.

फोनही तयार करावा लागतो. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर पर्याय उघडतात, तेथे यूएसबी डीबगिंग चालू करा, आणि केबल केवळ चार्जिंगची नाही ना, हे प्रत्यक्ष जोडून पाहा. संघाकडे किमान दोन फोन असावेत. त्यांपैकी एक जुना, २ किंवा ३ जीबी रॅमचा असावा, कारण शेतकऱ्याच्या किंवा घाटावरच्या सेवेकऱ्याच्या हातात तसाच फोन असण्याची शक्यता अधिक.

आता एक अडचण, जिच्याबद्दल फार कमी संघांना आधी कल्पना असते. प्रत्येक लॅपटॉपवर अँड्रॉइड स्टुडिओ स्वतःची वेगळी डीबग स्वाक्षरी (चाचणीच्या ॲपवरची डिजिटल ओळखखूण) तयार करतो. त्यामुळे एका सदस्याच्या लॅपटॉपवरून फोनवर टाकलेल्या ॲपवर दुसऱ्याच्या लॅपटॉपवरचे नवे बिल्ड बसत नाही. स्वाक्षरी जुळत नाही म्हणून जुने ॲप काढावे लागते आणि त्याबरोबर त्यातील सगळा साठवलेला डेटा जातो. आमच्या एका संघाने सादरीकरणाच्या वीस मिनिटे आधी असे केले, आणि रात्रभर भरलेल्या चाळीस फवारण्यांच्या नोंदी एका क्षणात गेल्या. यावर उपाय सोपा आहे: डीबगसाठी एकच स्वाक्षरी-फाइल ठरवा, ती प्रकल्पातच ठेवा आणि बिल्डच्या सेटिंगमध्ये तिचा मार्ग द्या. प्ले स्टोअरवर जाण्यासाठीची खरी स्वाक्षरी मात्र कधीही प्रकल्पात ठेवू नये. नकाशाच्या सेवेची गुप्त किल्लीही सार्वजनिक रिपॉझिटरीत (कोड ठेवण्याच्या सामायिक जागेत) जाता कामा नये. ती ॲपच्या पॅकेज-नावाला आणि स्वाक्षरीला बांधून घ्यावी. नमुना नोंदी आपोआप भरणारे एक छोटे फंक्शनही लिहून ठेवा, म्हणजे डेटा गेला तरी तो अर्ध्या मिनिटात परत येईल.

छत्तीस तासांचा क्रम

पहिले दोन तास संगणक बंद ठेवून कागदावर पडदे काढा. आपल्या उदाहरणात तीन पडदे पुरतात: प्लॉटची यादी, नवी फवारणी नोंदवणे आणि प्लॉटची सुरक्षित तारीख. लॉगिनचा पडदा काढू नका. लॉगिन करायला चार तास जातात, त्याने परीक्षकांना काही नवे दिसत नाही, आणि ओटीपी न आल्यामुळे पहिल्या पडद्यावरच अडकलेली सादरीकरणे मी पाहिली आहेत.

त्यानंतर आठव्या तासापर्यंत सांगाडा उभा राहिला पाहिजे. सांगाडा म्हणजे असे ॲप, ज्यात एक प्लॉट घालता येतो, एक फवारणी नोंदवता येते, उत्तराची तारीख दिसते आणि ॲप बंद करून उघडल्यावर ती नोंद तशीच सापडते. ते दिसायला ओबडधोबड असले तरी चालेल, पण ते खऱ्या फोनवर चालले पाहिजे. साठवणीसाठी फोनवरचा एसक्यूलाइट डेटाबेस आणि त्यावरील रूम ही लायब्ररी पुरेशी आहे. सर्व्हर हवाच असेल, तर आधी फोनवर साठवा आणि नेटवर्क मिळाल्यावर वर्कमॅनेजर या पार्श्वभूमीत कामे करणाऱ्या लायब्ररीच्या मदतीने पुढे पाठवा. उलट क्रम धरला, तर सर्व्हरच्या प्रत्येक अडचणीबरोबर ॲप थांबेल.

डेटाबेस किंवा नेटवर्कचे काम मुख्य थ्रेडवर, म्हणजे पडदा हाताळणाऱ्या धाग्यावर, करू नये, हे पाठ्यपुस्तकातील वाक्य सगळ्यांना पाठ असते, तरी घाईत ते मोडले जाते. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर एका चित्रासाठी जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात, आणि स्पर्शाला ५ सेकंद प्रतिसाद मिळाला नाही तर ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ अशी खिडकी अँड्रॉइड स्वतःच उघडतो. महागड्या फोनवर ही चूक लपते. जुन्या फोनवर ती लगेच उघडी पडते. म्हणूनच जुना फोन सोबत हवा.

चोविसाव्या तासानंतर नवे काही जोडू नका, ही माझी सर्वात कडक सूचना आहे. उरलेल्या वेळात चुका दुरुस्त करणे, मजकूर नीट करणे, तालीम करणे आणि आळीपाळीने झोपणे एवढेच करायचे. पहाटे चार वाजता सुचलेली नवी सोय कितीही आकर्षक वाटली तरी कागदावर लिहून ठेवावी आणि परीक्षकांना ‘यापुढचे पाऊल’ म्हणून सांगावी. कोड लिहून देणारी साधने वापरण्यास नियमांनी परवानगी दिली असेल तर ती जरूर वापरा, मात्र ज्या ओळीचा अर्थ संघातील कोणालाच सांगता येत नाही ती ओळ काढून टाका.

मराठी मजकूर आणि मराठी आकडे

आपल्याकडच्या माणसासाठी ॲप करायचे तर ते मराठीत असले पाहिजे, आणि ते शेवटच्या तासाला भाषांतर करून साधत नाही. सगळा मजकूर पहिल्यापासून स्ट्रिंग्जच्या, म्हणजे ॲपमधील वाक्यांच्या, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. बटणावर शेतकऱ्याचा शब्द लिहा: ‘फवारणी नोंदवा’ हे चटकन कळते, ‘नवीन प्रविष्टी जोडा’ हे कळत नाही. देवनागरी अक्षरांना वर वेलांटी आणि रफार, खाली उकार असतात, म्हणून ओळीची उंची इंग्रजीपेक्षा अधिक द्यावी लागते, नाहीतर उकार कापले जातात. बटणाचा स्पर्शभाग किमान ४८ डीपी (पडद्याच्या घनतेनुसार जुळणारे माप) ठेवा. शेतात काम करून आलेल्या हाताला लहान बटण सापडत नाही. भर उन्हात वाचता येईल इतका अक्षरांचा आणि पार्श्वभूमीचा फरक असू द्या, आणि त्याची परीक्षा गच्चीवर जाऊन दुपारी घ्या.

आकड्यांची एक खोच येथे सविस्तर सांगायला हवी, कारण ती शोधण्यात एका संघाची जवळजवळ पूर्ण रात्र गेली होती. फोनची भाषा मराठी असली की अँड्रॉइड आकडे आणि तारखा देवनागरी अंकांत घडवू शकतो. पडद्यावर ‘२०’ दिसणे उत्तमच आहे. परंतु तीच घडवलेली तारीख डेटाबेसमध्ये मजकूर म्हणून साठवली किंवा सर्व्हरला पाठवली, तर इंग्रजी भाषा असलेल्या फोनवरच्या नोंदींशी ती जुळत नाही, तारखांचा क्रम बिघडतो आणि सर्व्हर ती नाकारतो. गंमत म्हणजे लॅपटॉपवरचा एम्युलेटर इंग्रजीत असल्यामुळे तेथे सगळे सुरळीत दिसते. म्हणून साठवणीसाठी आणि पाठवण्यासाठी तारीख नेहमी लोकलडेट या फक्त तारीख धरणाऱ्या प्रकारात धरा व आयएसओ स्वरूपात (वर्ष-महिना-दिवस) लिहा, मजकूर घडवताना लोकेल (भाषा-प्रदेशाची निवड) स्पष्टपणे द्या, आणि देवनागरी अंक फक्त पडद्यावर दाखवण्याच्या अगदी शेवटच्या पायरीवर आणा. दिवसांची बेरीज मिलिसेकंदांत करू नये. लोकलडेटमध्ये दिवस मिळवण्याची सोय असते, तीच वापरावी.

फोन मुद्दाम छळून पाहा

चाचणी म्हणजे ॲप जसे वापरायला हवे तसे वापरणे नव्हे. फवारणीचा अर्धा अर्ज भरून फोन आडवा करा. अँड्रॉइड तो पडदा नव्याने बांधतो, आणि भरलेला मजकूर व्ह्यूमॉडेलमध्ये (पडदा नव्याने बांधला तरी माहिती धरून ठेवणाऱ्या भागात) ठेवला नसेल तर तो जातो. मग डेव्हलपर पर्यायांतील ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ चालू करा, अर्ज अर्धा सोडून कॅमेरा उघडा आणि परत या. पडदा नव्याने बांधताना तुमचे ॲप काय काय विसरते ते तेथे कळेल. मेमरी कमी पडल्यावर अँड्रॉइड पूर्ण प्रक्रियाच संपवतो, आणि तेव्हा व्ह्यूमॉडेलही टिकत नाही, म्हणून महत्त्वाच्या नोंदी लगेच डेटाबेसमध्ये किंवा जतन केलेल्या स्थितीत ठेवाव्या लागतात. एखाद्या मित्राला मधेच फोन करायला सांगा. विमान मोड चालू करून सगळे काम पहिल्यापासून करा. तारीख न निवडता, प्रतीक्षेचे दिवस रिकामे ठेवून किंवा उणे आकडा देऊन जतन करण्याचा प्रयत्न करा.

परवानग्यांकडे विशेष लक्ष द्या. अँड्रॉइड ६ पासून स्थान आणि कॅमेऱ्याची परवानगी वापरतानाच मागावी लागते, आणि अँड्रॉइड १३ पासून सूचना दाखवण्यासाठीही परवानगी लागते. परीक्षकांनी ‘नाही’ म्हटले तर ॲप कोसळता कामा नये. पार्श्वभूमीतील कामांबाबतही वास्तव जाणून घ्या: वर्कमॅनेजरचे पुन्हा पुन्हा होणारे काम १५ मिनिटांपेक्षा कमी अंतराने लावता येत नाही, आणि फोन बराच वेळ पडून असेल तर डोझ या बॅटरी वाचवणाऱ्या मोडमुळे ते आणखी लांबते. दुसऱ्या दिवशी सकाळी येणाऱ्या आठवणीसाठी एवढे पुरते. परीक्षकांसमोर मात्र त्याची वाट पाहता येत नाही. चाचणीच्या बिल्डमध्ये सूचना तत्काळ दाखवणारे बटण ठेवा, आणि ते सादरीकरणापुरते आहे हे परीक्षकांना स्वतःहून सांगा. नकाशा वापरत असाल तर हेही ध्यानात ठेवा की जीपीएस इंटरनेटशिवाय चालते, पण नकाशाची चित्रे इंटरनेटवरून येतात. लागणारा भाग आधीच उतरवून ठेवला नसेल, तर कोऱ्या पडद्यावर केवळ एक ठिपका दिसेल.

परीक्षकांसमोर

सादरीकरणाची सुरुवात स्लाइडने करू नका. ‘पिंपळगावजवळ तीन प्लॉट असलेले एक बागायतदार आहेत, त्यांची वही अशी दिसते’ असे सांगून वहीच्या पानाचे छायाचित्र दाखवा. शेतकऱ्याची परवानगी आधी घ्या आणि त्यांचे नाव झाका. मग लगेच फोन परीक्षकांच्या हातात द्या आणि त्यांनाच एक फवारणी नोंदवायला सांगा. त्या वेळी गप्प राहणे कठीण जाते, पण राहावे. त्यांचे बोट जेथे थबकेल तेथे तुमच्या रचनेत उणीव आहे, आणि ‘येथे आम्हाला सुधारणा करावी लागेल’ असे सरळ म्हणणारा संघ बचाव करणाऱ्या संघापेक्षा पुढे जातो.

दूरच्या परीक्षकांना दिसावे म्हणून फोनचा पडदा लॅपटॉपवर यूएसबी केबलने दाखवा. अँड्रॉइड स्टुडिओच्या रनिंग डिव्हायसेस या खिडकीत ती सोय आहे. वाय-फायवरून पडदा दाखवण्याच्या भरवशावर राहू नये. दोन्ही फोनवर तेच बिल्ड असावे, दोन्ही पूर्ण चार्ज असावेत, येणाऱ्या सूचना बंद ठेवाव्यात, आणि ऐनवेळी सगळेच बिघडले तर दाखवण्यासाठी एक मिनिटाची चित्रफीत लॅपटॉपवर साठवलेली असावी.

प्रश्न ठरलेले असतात. हे एक्सेलमध्ये का करू नये? शेतकऱ्याने चुकीची तारीख घातली तर काय? फोन हरवला तर नोंदी कुठे आहेत? पाचशे शेतकरी आले तर काय बदलावे लागेल? शेवटच्या प्रश्नाला मोठमोठ्या तंत्रांची नावे घेऊन उत्तर देण्याची घाई होते. पाचशे शेतकऱ्यांच्या नोंदींना एक साधा सर्व्हर पुरतो, हे खरे उत्तर आहे आणि तेच द्यावे.

स्पर्धा संपल्यानंतर

निकाल काहीही लागला तरी ॲप वहीच्या मालकाकडे परत न्यायला हवे. प्ले स्टोअरवर ठेवायचे असेल तर वेळ हातात ठेवा: विकसकाच्या खात्यासाठी एकदाच २५ डॉलर भरावे लागतात, ॲप एएबी या प्ले स्टोअरच्या फाइल-स्वरूपात द्यावे लागते, आणि १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना प्रकाशनापूर्वी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस ‘बंद चाचणी’ (निवडक लोकांपुरती चाचणी) करून घ्यावी लागते. ही १२ माणसे वसतिगृहातील मित्र असू शकतात, पण त्यांच्याकडून फवारणीची एकही खरी नोंद येणार नाही. यादीत द्राक्ष बागायतदार घ्या, शक्य असल्यास दिंडोरी आणि निफाड अशा दोन्ही भागांतले घ्या, आणि गोडी छाटणीच्या आधी चाचणी सुरू होईल अशा बेताने खाते उघडा. पहिला बागायतदार छाटणीची तारीख भरत असताना शेजारी बसा, वही उघडी ठेवायला सांगा, आणि वहीत आहे पण ॲपमध्ये कुठेच लिहिता येत नाही अशी प्रत्येक गोष्ट टिपून घ्या.